वहीत न आलेलं हसू

मॅडम,
मी ४३ वर्षांची आहे. मानेवाड्यात राहते. मिस्टर नोकरीत, मुलगा बारावीला. डिसेंबरपासून माझं मन ठीक नव्हतं. फेब्रुवारीत मिस्टर मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, डिप्रेशन निघालं. गोळ्यांना सात महिने झाले. आता झोप लागते, जेवण जाते, रडणं थांबलं. पण जीव कशातच लागत नाही. आधी मी घरी फॉल-पिकोचं काम करायची. आता मशीनवर इस्त्रीचे कपडे पडले राहतात. मोठ्या नणंदेनं एक वही आणून दिली. म्हणे, रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिही, पॉझिटिव्ह राहा, गोळ्यांची गरजच पडणार नाही. मी १९ दिवस लिहिलं. नवरा चांगला, मुलगा हुशार, घर स्वतःचं, सासू त्रास देत नाही, हातपाय धड. दुसऱ्या दिवशीही तेच. मग वाटायला लागलं, एवढं सगळं असून मी अशी, म्हणजे मीच वाईट. वही बंद केली. कधी कधी वाटते का सकाळ झालीच नाही तर बरं. जीव द्यायचं वगैरे मनात नाही. परवा नणंद मारबतीची मिरवणूक पाहायला ओढून घेऊन गेली. लोक ओरडत होते, 'इडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!' तर ती माझ्या कानात म्हणे, 'हिचं डिप्रेशनबी घेऊन जा गे मारबत!' मी हसली. पण ते तेवढंच. हे पॉझिटिव्ह सायकॉलॉजी खरंच काही असते का, का व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान? आणि गोळ्या बंद करू का?
– एक वाचक, नागपूर

ताई,

गोळ्या बंद करू नका. आज एवढंच वाचून बाजूला ठेवलंत तरी चालेल, बाकीचं उद्या वाचा.

डिप्रेशन पहिल्यांदाच झालेलं असलं तरी, पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवतात. मधेच सोडलं तर आजार उलटायची भीती असते. तुम्हाला तर अजून पूर्ण बरं वाटलेलंच नाही. शिवाय गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं होणं असले प्रकार बऱ्याच जणांना छळतात. सोडायची वेळ येईल तेव्हा डॉक्टर डोस हळूहळू उतरवत नेतील. तो निर्णय त्यांचा आणि तुमचा. नणंदेचा नाही.

पण पुढच्या तारखेला जाल तेव्हा 'बरी आहे' म्हणून उठून येऊ नका. आपल्याकडे असंच होतं. डॉक्टर विचारतात 'कसं काय?', आपण म्हणतो 'ठीक', आणि तीच चिठ्ठी पुढच्या महिन्यासाठी लिहून मिळते. मला जे लिहिलंत ते तिथं सांगा. झोप आहे, रडू नाही, पण गोडीही नाही. ही गोडी नसणं म्हणजे उरलेला आजार असू शकतो. काही जणांचं मात्र या गोळ्यांनीच रडू आणि हसू दोन्ही बोथट होतं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि तो डॉक्टरांनाच करता येतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर विचारा. पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांगा.

आणि 'सकाळ झालीच नाही तर बरं'. हे वाक्य तुम्ही मधेच लिहून पुढे निघून गेलात. मला तसं जाता येणार नाही. डॉक्टरांना हेच वाक्य, याच शब्दांत सांगा. मिस्टरांनाही सांगा. जीव द्यायचं मनात नाही म्हणता, ते मी मानते. पण हा विचार दाट व्हायला लागला, कसं आणि कधी असं काही मनात यायला लागलं, तर तारखेची वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखानाही मानेवाड्यापासून काही लांब नाही, अर्ध्या रात्री गेलात तरी दार उघडं असतं. तोवर महिन्याभराच्या गोळ्यांचा डबा मिस्टरांच्या ताब्यात राहू द्या. यात अविश्वास कसला? झोपताना गॅसचा कॉक बंद करतोच ना आपण.

आता वही.

तुमच्या वहीचं काय बिघडलं ते मला चांगलं कळतं, कारण असलंच काहीतरी मी स्वतः बायकांना शिकवलेलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका महिला मंडळात शिबिर घेतलं होतं. मी नवीन, उत्साह दांडगा. सगळ्यांच्या हातात छोटे आरसे दिले आणि आरशात पाहून 'मी छान आहे, मी आनंदी आहे' असं म्हणायला लावलं. बायका खिदळत म्हणत होत्या. मागच्या खुर्चीवरच्या एक काकू आरसा मांडीवर पालथा घालून बसल्या. चहाच्या वेळी हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी म्हणाली हो मनात. पण आतून कोणीतरी म्हणे, काहून खोटं बोलून राहिली?"

त्या काकूंचं बरोबर होतं. पुढे मी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड यांचा २००९चा अभ्यास वाचला. त्यांनी लोकांना दर थोड्या वेळानं घंटी वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं मनाशी म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच अपाय. आरसे तेव्हापासून माझ्या कपाटात पडून आहेत.

वह्यांचंही तसंच काहीसं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी कृतज्ञतेच्या व्यायामांवरचे २७ अभ्यास एकत्र करून तपासले. डिप्रेशन आणि चिंतेवर त्यांचा परिणाम फारच तोकडा निघाला. तेव्हा वहीनं तुम्ही बऱ्या झाला नाहीत, याचा अर्थ तुम्ही कृतघ्न आहात असा नाही. ते औषधच या दुखण्याला पुरेसं नव्हतं. आणि तुमच्या हाती तर ते अर्धंच आलं.

ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. मग तुमच्या 'हे खरंच काही असते का'चं उत्तरही त्यातच येईल.

मार्टिन सेलिगमन हे पॉझिटिव्ह सायकॉलॉजी या शाखेचं मोठं नाव. १९९८ साली ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांनी मांडलं की आपण आजार मोजण्यात इतके गुंतलो की माणूस कशावर तगतो आणि कशानं फुलतो याचा अभ्यासच राहून गेला. पण हा माणूस मुळात काही आनंदाचा अभ्यासक नव्हे. त्यांचं नाव झालं ते १९६७ साली, स्टीव्हन मायर यांच्यासोबत केलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी. आज ते वाचवत नाहीत. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्यानं पट्टी दाबली की ते थांबत. दुसऱ्या कुत्र्यांना तेवढेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. मग दोघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथं मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका. पहिले कुत्रे उडी मारून गेले. दुसऱ्यांतले बहुतेक तिथंच पडून कण्हत राहिले. भिंत दिसत होती, पायही धड होते. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटलं आणि डिप्रेशन समजून घ्यायला पुढे हे फार वापरलं गेलं.

पण मला आवडतो तो यातला शेवटचा भाग. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी लिहिलं की आम्ही तेव्हा उलटं समजलो होतो. मधल्या काळात मायर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. त्यातून दिसलं की त्रास लांबला की पडून राहणं ही मेंदूची उपजत तऱ्हाच आहे, ती कोणाला शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच. 'माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं', हे मेंदूला शिकावं लागतं, आणि ते एकदा कळलं की तोच मेंदू त्या पडून राहण्याला आवर घालतो.

ताई, आता तुमची यादी काढा. नवरा चांगला, मुलगा हुशार, घर स्वतःचं, सासू त्रास देत नाही, हातपाय धड. यात तुमच्या हातानं त्या दिवशी झालेलं काय आहे? एकही नाही. ही चांगल्या गोष्टींची वही नाही, हा सातबाराचा उतारा झाला. सातबारा काही रोज बदलत नाही. तो १९ रात्री उतरवून काढला तर कोणालाही एवढंच कळेल की इस्टेट पुष्कळ आहे आणि मालक नालायक आहे.

मूळ व्यायाम वेगळा आहे. २००५ साली सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून काही व्यायाम तपासले आणि ४११ लोकांनी शेवटपर्यंत माहिती दिली. त्यातल्या एका गटाला आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या होत्या. त्या *आज* घडलेल्या हव्यात, आणि प्रत्येकीपुढे ती *का* घडली हे लिहायचं. या गटाची उदासी सहा महिन्यांनंतरही कमी दिसली, आणि जास्त फायदा झाला तो आठवडा संपल्यावरही जे आपणहून लिहीत राहिले त्यांना. फॉरवर्ड होत होत ही गोष्ट नणंदेपर्यंत पोचली तेव्हा तीनाच्या पाच झाल्या, 'आज' गळलं आणि 'का' तर पारच गेलं. खरा दम त्या 'का'मध्ये आहे. 'का' लिहायला बसलं की माणूस शोधत जातो आणि कुठंतरी त्याला स्वतःचा हात सापडतो.

तुमच्याच पत्रातली एक गोष्ट घेऊन दाखवते. ती तुम्ही वहीत लिहिली नाहीत, मला मात्र लिहिलीत आणि वर 'तेवढंच' म्हणून खोडून टाकलीत.

*परवा मारबतीच्या गर्दीत मी हसले.* का? एक, नणंदेची जीभ तिखट आहे. दोन, ती ओढत होती तेव्हा मी नाही म्हणू शकले असते, पण चप्पल घातली आणि निघाले. तीन, सात महिन्यांच्या गोळ्यांनी आत एवढी जागा केली होती की विनोद शिरू शकला. फेब्रुवारीत हाच विनोद ऐकून कदाचित मी तोंड फिरवलं असतं.

बघा, या तीनांतलं एक तुमच्या हातचं आहे. चप्पल घालणं. तुम्हाला ते क्षुल्लक वाटेल. ज्याला डिप्रेशन झालेलं नाही त्याला तर वाटेलच. पण जी बाई सकाळी डोळे उघडून पंख्याकडे पाहत पडून राहिलेली आहे, तिला चप्पल घालणं म्हणजे काय ते ठाऊक असतं.

तर वही पुन्हा काढा, पण नवं पान घ्या. एक आठवडा रोज, त्यानंतर फक्त रविवारी. रोज लिहिलं की तोच तो रटाळपणा येतो. कॅलिफोर्नियातल्या सोन्या ल्युबोमिरस्की यांनाही आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांत जास्त फरक दिसला होता. तीन नाही सापडल्या तर एक लिहा. एकही नाही सापडली तर 'आज काही नाही' लिहून झोपा. नवरा आणि घर या दोन शब्दांना त्या पानावर बंदी. 'त्यानं न विचारता चहा केला' चालेल, 'नवरा चांगला' चालणार नाही.

आता मशीन. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात माझं लक्ष अडकलं ते मशीनवरच्या इस्त्रीच्या कपड्यांवर.

२००४ साली सेलिगमन आणि क्रिस्टोफर पीटरसन यांनी माणसांतल्या २४ गुणशक्तींची यादी केली. चिकाटी, कुतूहल, दयाळूपणा, विनोदबुद्धी, सौंदर्याची नजर वगैरे. त्याची प्रश्नावली नेटवर मिळते, पण ती भरायला मी तुम्हाला सांगणार नाही. मन खाली असताना माणूस तिथंही स्वतःला नापास करून येतो. त्यापेक्षा फॉल कसा लावतात ते आठवा. आधी फॉल पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करायची, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि साडीला चुण्या पडतात. रीळ साडीला नेमकं जुळणारं हवं. दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो, म्हणून दारात येऊन पाहायचं. आणि वरच्या कडेला हातशिलाई अशी घालायची की साडीच्या दर्शनी बाजूला टाका दिसता कामा नये. ज्या बाईनं असे फॉल वर्षानुवर्षं लावले, तिच्यात नजर, चिकाटी आणि काटेकोरपणा आहे की नाही हे विचारायला प्रश्नावली कशाला?

तुम्ही म्हणाल, पण जीवच लागत नाही ना मॅडम, लागला की करीन. बहुतेक सगळे हेच म्हणतात, आणि या आजारात नेमकं हेच उलटं असतं. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात यावरून एक उपचारच उभा केला. डिप्रेशनमध्ये गोडी आधी येत नाही. काम आधी, तेही अगदी छोटं, ठरल्या वेळी, मन असो वा नसो. गोडी मागून येते, उशिरा येते, कधी चार खेपा येतच नाही. म्हणून काम इतकं बारीक करायचं की न करणं कठीण व्हावं.

पहिल्या दिवशी फक्त कपडे उचला. घड्या करून कपाटात ठेवायच्याही नाहीत, नुसते पलंगावर. दुसऱ्या दिवशी कव्हर काढून मशीन पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा. तिसऱ्या दिवशी बॉबिन भरा. चौथ्या दिवशी जुन्या कापडावर दोन सरळ शिलाया मारा. रोज पंधरा मिनिटं, सकाळी मुलगा क्लासला गेला की लगेच. दुपारवर ढकलू नका. पोळा झाला तरी आपल्याकडची दमट उकाड्याची दुपार जात नाही, आणि तसल्या दुपारी धडधाकट माणूसही कूलरसमोरून हलत नाही. रात्री त्या तीन ओळींत 'बॉबिन भरली' आली तर 'का'च्या पुढे काय लिहायचं ते तुम्हाला आपोआप कळेल.

ऑर्डर मात्र इतक्यात घेऊ नका. पैसे आले की तारीख येते, तारीख आली की धाक येतो.

पहिली साडी नणंदेची घ्या. फुकट. हे मी प्रेमापोटी सांगत नाही, त्यामागेही काही आहे. वर ज्यांचा उल्लेख केला त्याच क्रेग-चीव्हन्स जोडीनं नंतर नैराश्य आणि चिंतेची लक्षणं असलेल्या १२२ लोकांना तीन गटांत वाटून पाच आठवडे पाहिलं. एका गटानं आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्यांसाठी लहानसहान चांगली कामं करायची, दुसऱ्यानं लोकांत मिसळायचं, तिसऱ्यानं आपले नकारात्मक विचार लिहून तपासायचे. लक्षणं तिन्ही गटांत कमी झाली, पण माणसांशी जोडलं गेल्याची भावना पहिल्या गटात सगळ्यात जास्त वाढली. आता यावर कोणी म्हणेल, बाई तर जन्मभर दुसऱ्यांचंच करते. म्हणूनच सांगते, स्वयंपाक, डबा, सासूबाईंचं औषधपाणी यात धरायचं नाही. ते कर्तव्य झालं, आणि ते न केल्याचाच हिशोब होतो. जे केलं नसतं तरी कोणी काही म्हटलं नसतं, तेवढंच धरा.

या सगळ्यानं किती फरक पडेल, हेही सरळ सांगते. २०१३ साली लिंडा बोलियर आणि सहकाऱ्यांनी अशा उपायांचे ३९ अभ्यास एकत्र पाहिले. डिप्रेशनवर फायदा दिसला, पण लहान. हे तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. जेवण म्हणजे डॉक्टर, गोळ्या आणि जमलं तर समुपदेशन. पण सात महिने नुसता वरणभात गिळणाऱ्या माणसाला लोणच्याची फोड मिळाली तर तो पानावर जरा जास्त वेळ बसतो.

नणंदेवर रागावू नका. वही मायेनं आणली, गोळ्यांबद्दल चुकीचं बोलली. दोन्ही खरं आहे. ती तुम्हाला ओढत इतवारीपर्यंत घेऊन गेली, हे मात्र तिनं वहीपेक्षा पुष्कळ बरं काम केलं. तिला म्हणा, 'पॉझिटिव्ह राहा' म्हणू नको, त्यापेक्षा दर मंगळवारी चहाला येत जा आणि असंच काहीतरी वाह्यात बोलत जा. मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या, निदान वरचा गोळ्यांच्या डब्याचा भाग तरी.

दसरा महिन्याभरावर आहे. तिची साडी कोणत्या रंगाची निघाली आणि रीळ जुळलं का, तेवढं कळवा.